सेगींचं एक लाख वस्तीचं गाव!

पहिला नंबर ऑस्ट्रेलियाचा! कॅन्सरमध्ये! जिथल्या निळ्या आभाळाची आणि मोकळ्या किनाऱ्यांची आपण कॅलेंडरं टांगतो, तो देश! दर लाख लोकांमागे वर्षाला सुमारे ४६० नवे रुग्ण! दुसरा न्यूझीलंड! मग डेन्मार्क, अमेरिका, नॉर्वे वगैरे सगळी सुखवस्तू मंडळी. आणि भारत? भारत पार खाली, शंभराच्याही आत, लाखाला अठ्ठ्याण्णवच्या आसपास! नीट वाचलंत ना? पुन्हा एकदा वाचा. श्रीमंत, टापटीप, शुद्ध हवेच्या देशांत चौपट कॅन्सर आणि आपल्याकडे इतका कमी! हा तक्ता बघितल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये, आणि हे कुणाला तरी सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून तुम्हाला धरलंय. आता सुटका नाही!

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. संख्याशास्त्र शिकलेली नाही. कॅन्सरच्या वॉर्डात माझा संबंध आला तो पेशंटची नातेवाईक म्हणून, डबा घेऊन, फाइल सांभाळत. तेव्हा इथे जे वाचाल ते एका साध्या वाचणाऱ्या बाईचं आहे. पण तक्ता मात्र खराखुरा आहे! फ्रान्समध्ये लियाँ नावाचं शहर आहे. तिथे जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सरवर संशोधन करणारी संस्था आहे, आयएआरसी, १९६५ सालापासूनची. ती 'ग्लोबोकॅन' नावाने सगळ्या जगाचा हिशेब मांडते. १८५ देश! ३६ प्रकारचे कॅन्सर! २०२२ या एका वर्षात जगात जवळजवळ दोन कोटी नवे रुग्ण आणि ९७ लाख मृत्यू. आणि हे सगळं कुणालाही फुकट बघता येतं! देश निवडा, अवयव निवडा, बाई की पुरुष ते निवडा, नकाशा रंगून समोर येतो. गडद निळा, फिकट निळा. मी एकदा सुरू केलं आणि मग फुप्फुस बघितलं आणि मग स्तन आणि मग यकृत आणि मग मंगोलिया एवढा गडद का म्हणून तिथेच अडकले आणि मग चहा गार झाला (चहाचं पुढे येणार आहे, लक्षात ठेवा!).

पण आधी तो ४६० आणि ९८ चा घोळ सोडवू या. कारण त्याच्या मागे एक माणूस आहे, आणि त्या माणसाने माझी झोप उडवलीय!

जपान घ्या. २०२२ मध्ये जपानमध्ये दहा लाखांच्या आसपास नवे रुग्ण. लोकसंख्या साडेबारा कोटी. सरळ भागाकार करा: लाखाला आठशे! आता तक्त्यात जपानपुढे काय लिहिलंय ते बघा. तीनशेच्या आत! अहो, पाचशे माणसं गेली कुठे? कुणी लपवली? कुणीच नाही! ती वयात गेली! कॅन्सर हा बहुतांशी उतारवयाचा आजार. जपानमध्ये म्हाताऱ्या माणसांची गर्दी आहे, निम्मी लोकसंख्या पन्नाशीच्या आसपास किंवा त्यापुढची. आफ्रिकेतल्या नायजर देशात निम्मी लोकसंख्या पंधरा-सोळाच्या आतली! अख्खा देशच शाळकरी! मग या दोघांची तुलना कशी करणार? जपानला कॅन्सर जास्त म्हणायचं की जपानला आजी-आजोबा जास्त म्हणायचं?

इथे येतात मित्सुओ सेगी! जपानमधल्या सेंदाई शहरातल्या तोहोकू विद्यापीठातले प्राध्यापक. १९६० साली त्यांनी २४ देशांतल्या कॅन्सरमृत्यूंचे तक्ते छापले, आणि तुलना न्याय्य व्हावी म्हणून काय केलं असेल? एक गाव वसवलं! कागदावर! बरोब्बर एक लाख वस्तीचं. कुठल्याच देशातलं नाही, पण बऱ्याच देशांची लोकसंख्या एकत्र करून बेतलेलं. मी त्या गावाची खानेसुमारी वहीत उतरवून घेतलीय, आणि आता ती तुम्हीही माझ्याबरोबर वाचायची! पुढे कॅन्सर-संशोधक रिचर्ड डॉल आणि सहकाऱ्यांनी तिच्यात थोडी डागडुजी केली, त्यानंतरची खानेसुमारी अशी: पाच वर्षांखालची मुलं १२,०००. पाच ते नऊची १०,०००. मग दहापासून विशीपर्यंत दर पाच वर्षांच्या गटात नऊ-नऊ हजार, विशीत आठ-आठ हजार, तिशी-चाळिशीत सहा-सहा हजार. पन्नास ते चोपन्न ५,०००. पुढे साठीच्या मध्यापर्यंत चार-चार हजार, मग ३,०००, मग २,०००, पंच्याहत्तरीला १,०००. ऐंशीच्या घरात ५००. आणि पंच्याऐंशीच्या पुढचे? फक्त ५००! बेरीज करा. बरोब्बर एक लाख! मी केली, बोटांवर, आणि एक लाख आल्यावर टाळी वाजवली!

आता गंमत बघा. समजा एखाद्या देशात साठ ते चौसष्ट वयाच्या लाख माणसांमागे वर्षाला पाचशेंना कॅन्सर होतो. सेगींच्या गावात त्या वयाची माणसं किती? चार हजार. म्हणजे त्या गावात या वयाचे रुग्ण वीस. असंच प्रत्येक वयोगटाचं करायचं आणि मग सगळी बेरीज करायची, आणि जो आकडा येईल तो त्या देशाचा! म्हणजे काय झालं? जपान, नायजर, भारत, डेन्मार्क, सगळ्यांना आळीपाळीने त्याच एका गावात राहायला आणलं! तेच घर, तीच माणसं, तेवढीच आजी-आजोबांची संख्या, फक्त रोगाचा दर त्या त्या देशाचा. साठ वर्षांहून जास्त काळ जगातले कॅन्सरतज्ज्ञ या कधीच नसलेल्या गावावर देश मोजतायत! दरम्यान खरं जग केवढं म्हातारं झालं, पण ते गाव तसंच तरुण, कारण गाव बदललं तर जुन्या आकड्यांशी तुलनाच बसणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेने नंतर स्वतःचं वेगळं, जरा पोक्त गाव वसवलंय. त्यामुळे दोन वेगळ्या गावांतले आकडे शेजारी ठेवून कुणी तुम्हाला काही सांगू लागलं, तर आधी विचारा: गाव कुठलं?

बरं, वय तर काढून टाकलं. तरीही ऑस्ट्रेलिया पहिला! का? एक तर कातडी. ब्रिटन-आयर्लंडच्या ढगाळ हवेतून गेलेली गोरीपान माणसं विषुववृत्ताकडच्या भाजणाऱ्या उन्हात जाऊन राहिली, आणि त्वचेच्या मेलानोमात ऑस्ट्रेलिया जगात पुढे गेला. १९८१ मध्ये त्यांनी टीव्हीवर एक समुद्रपक्षी आणला, सिड नावाचा, तो नाचत-गात सांगायचा: सदरा चढवा, मलम फासा, टोपी घाला! एवढं सोपं! दुसरं म्हणजे तिथे कॅन्सर शोधतात. स्तनाची तपासणी, आतड्याची तपासणी, घरपोच पत्र येतं की या, तुमची वेळ झाली. शोधलं की सापडतं!

आणि 'शोधलं की सापडतं' याची सगळ्यात अचाट गोष्ट दक्षिण कोरियाची आहे. ही ऐका! १९९९ मध्ये तिथे सरकारी तपासणी मोहीम सुरू झाली. गळ्याची सोनोग्राफी काही त्या यादीत नव्हती, पण थोडे पैसे जास्त दिले की दवाखाने तीही करून द्यायचे. लोकांनी करून घेतली. आणि मग थायरॉइडच्या गाठी सापडू लागल्या आणि मग आणखी सापडल्या आणि मग शस्त्रक्रिया आणि मग जन्मभराच्या गोळ्या, आणि २०११ येईपर्यंत थायरॉइड कॅन्सरचा दर १९९३ च्या पंधरापट झाला! पंधरापट! एका वर्षात चाळीस हजारांहून जास्त निदानं! काय झालं असेल हो? पाणी बिघडलं? हवा बिघडली? मग शेजारची रेघ बघितली, मृत्यूंची. ती सपाट! जशी होती तशी! रोग वाढलाच नव्हता. कधीच त्रास न देणाऱ्या बारीक गाठी यंत्राला दिसू लागल्या होत्या. २०१४ मध्ये तिथल्याच काही डॉक्टरांनी उघड सांगितलं की हे थांबवा, आणि वर्षभरात थायरॉइडच्या शस्त्रक्रिया तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्या. हे वाचल्यावर मी नकाशाकडे परत गेले तेव्हा प्रत्येक गडद रंगाला दोन प्रश्न विचारू लागले. इथे रोग जास्त आहे? की इथे शोधणारे जास्त आहेत?

म्हणून आता माझ्याबरोबर दुसऱ्या रकान्यात या. मृत्यूंच्या. इथे ऑस्ट्रेलिया पहिला नाही, कुठल्या कुठे मागे! आणि भारत? इथे मात्र पोटात गोळा येतो. २०२२ मध्ये भारतात १४ लाखांहून थोडे जास्त नवे रुग्ण आणि नऊ लाखांहून जास्त मृत्यू. म्हणजे जिथे शंभर नवे रुग्ण, तिथे त्याच वर्षी पासष्ट मृत्यू. अमेरिकेत हेच गणित पंचविसाच्या आसपास येतं. (त्याच वर्षातले रुग्ण आणि मृत्यू ही तीच माणसं नव्हेत, हे मला ठाऊक आहे, पण अंदाज यायला एवढं पुरतं.) आपला तो शंभराच्या आतला सुखाचा आकडा बघून जरा हायसं वाटलं होतं ना? मग हा रकाना बघा, पुन्हा बघा!

आणि स्तनाच्या कॅन्सरची ही दोन वाक्यं मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलीत. अतिप्रगत देशांत दर बारा बायकांपैकी एकीला आयुष्यात कधीतरी हा कॅन्सर होतो, आणि एकाहत्तर बायकांपैकी एक त्याने जाते. मानवी विकासाच्या यादीत तळाशी असलेल्या देशांत सत्तावीस बायकांपैकी एकीला होतो, आणि अठ्ठेचाळीस बायकांपैकी एक जाते. उलटं झालं की हो! होण्याचं प्रमाण निम्म्याहून कमी, आणि जाण्याचं जास्त! गाठ तीच, छाती तीच. फरक केवढ्यात आहे? गाठ किती मोठी झाल्यावर बाई दवाखान्यात पोचली, मॅमोग्राफीचं यंत्र किती मैलांवर होतं, केमो परवडली का, मध्येच सोडावी लागली का. मला या आकड्याचा राग येतो. अगदी मनापासून येतो. कारण यातला एकही भाग नशिबाचा नाही.

पण राग बाजूला ठेवून पुन्हा नकाशाकडे चला, कारण आता खरा उत्साहाचा भाग येतोय! देशादेशांत फरक आहे ना? मग तो फरक कुणीतरी पाडलाय! आणि जे पाडलं गेलंय ते शोधता येतं!

तो गडद मंगोलिया आठवतो? यकृताचा कॅन्सर तिथे जगाच्या सरासरीच्या सुमारे दहापट! कारण? काविळीचे विषाणू, हिपॅटायटिस बी आणि सी, आणि त्याला दारूची जोड. आणि यांतल्या बी विषाणूची लस १९८४ पासून तैवानने तान्ह्या बाळांना द्यायला सुरुवात केली, आणि पुढे तैवानच्या मुलांमधला यकृताचा कॅन्सर खाली आला! सुईने कॅन्सर टळला! १९९७ मध्ये हे छापून आलं, आणि मला आत्ता कळतंय!

आणि डेनिस बर्किट! अहो, हा माणूस! आयर्लंडचा सर्जन, युगांडात कंपालाला काम करायचा. १९५७ मध्ये त्याने एक मूल बघितलं, जबड्याच्या दोन्ही बाजूंना सूज. मग आणखी एक. मग त्याने आफ्रिकाभरच्या दवाखान्यांना फोटो लावलेली पत्रकं पाठवली, असं मूल तुमच्याकडे येतं का म्हणून, आणि उत्तरं आली तशी नकाशावर खुणा केल्या, आणि मग १९६१ मध्ये दोन डॉक्टर मित्रांना घेऊन एका जुन्या फोर्ड गाडीतून दहा हजार मैल फिरला! दवाखान्यामागून दवाखाना! आणि खुणांचा पट्टा कसा निघाला? जिथे पाऊस भरपूर आणि हवा उबदार तिथे रोग आहे, उंच थंड डोंगरांवर नाही. म्हणजे मलेरियाचा पट्टा! कॅन्सरचा नकाशा आणि डासांचा नकाशा एकावर एक! त्याच वर्षी लंडनमध्ये त्याने व्याख्यान दिलं आणि श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन नावाचा तरुण संशोधक बसला होता, आणि त्याने त्या गाठींचे नमुने मागून घेतले आणि मग १९६४ मध्ये त्यांत विषाणू सापडला! माणसाच्या कॅन्सरशी नातं जुळलेला पहिला विषाणू! आणि सुरुवात कशाने? टपालाने आणि गाडीने!

आता चहा. आठवतंय ना? इराणच्या ईशान्येला, कास्पियन समुद्राच्या बाजूला गोलेस्तान नावाचा प्रांत आहे. तिथून मध्य आशियातून थेट उत्तर चीनपर्यंत एक पट्टा जातो, त्यात अन्ननलिकेचा कॅन्सर भयंकर. चीनच्या टोकाला लिनश्यान म्हणून भाग आहे, तिथे माणसांबरोबर कोंबड्यांनासुद्धा घशा-अन्ननलिकेचा कॅन्सर सापडला! कोंबड्यांना! तर गोलेस्तानमध्ये २००४ पासून सुमारे पन्नास हजार माणसांचा अभ्यास सुरू झाला. त्यांच्या चहाचं तापमान कसं मोजलं असेल? 'तुम्ही गरम पिता का' असं विचारून काय कळणार, प्रत्येकाचं गरम वेगळं! म्हणून त्यांनी एकाच वेळी दोन कपांत चहा ओतला. एका कपात थर्मामीटर. पारा पंच्याहत्तरवर आला की दुसरा कप माणसाच्या हातात द्यायचा: घ्या घोट, एवढाच गरम पिता का? नाही म्हणाला तर थांबायचं, सत्तरवर पुन्हा विचारायचं. मग पुन्हा! किती साधं, किती नेमकं! आणि याच प्रांतात कॅन्सरच्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना केली तेव्हा निघालं काय? कोमट पिणाऱ्यांपेक्षा गरम चहा पिणाऱ्यांना धोका दुप्पट, फार कढत पिणाऱ्यांना आठपट! चहा ओतल्यावर दोन मिनिटांच्या आत पिणाऱ्यांना चार मिनिटं थांबणाऱ्यांपेक्षा पाचपट! २०१६ मध्ये आयएआरसीने पासष्ट अंशांच्या वरची पेयं 'बहुधा कर्ककारक' म्हणून यादीत टाकली. दोष चहाचा नाही, कढतपणाचा! बशीत ओतून, फुंकर मारून, सावकाश चहा पिणाऱ्या आमच्या आजीला हे सांगायला हवं होतं! गोलेस्तानात अफू आहे, फळं-भाजी कमी आहे, एकट्या चहावर सगळं ढकलता येणार नाही. पण मी आता चार मिनिटं थांबते.

हे सगळं रक्तातच असतं, वंशातच असतं असं कुणी म्हणालं, तर त्यांना हवाईला पाठवा! जपानमध्ये पोटाचा कॅन्सर फार आणि आतड्याचा कमी होता. अमेरिकेत उलटं. मग जपानी माणसं अमेरिकेत, हवाईत जाऊन राहिली, आणि १९६८ मध्ये हेन्सेल आणि कुरिहारा या दोघांनी दाखवून दिलं की त्यांचे आकडे अमेरिकेकडे सरकले! पोटाचा खाली, आतड्याचा वर! रक्त तेच, ताट बदललं!

आणि आपलं? आपलं तोंड! जगात तोंडाचा कॅन्सर झालेल्या दर तीन रुग्णांमध्ये किमान एक भारतातला. तंबाखू, सुपारी, गुटखा, खैनी. आणि आपल्या बायकांची मशेरी, सकाळी तव्यावर तंबाखू भाजून हिरड्यांना लावलेली, चूल पेटायच्या आधी. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात ते तुम्हालाही माहीत आहे.

पण आता मला विचारा, की हे आकडे मुळात येतात कुठून? १४० कोटींच्या देशात कोण मोजतं? इथे मी खुर्चीतून उठलेच! कारण उत्तर बार्शी! सोलापूर जिल्ह्यातली आपली बार्शी!

मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने साठच्या दशकातच कॅन्सरची नोंद, म्हणजे रजिस्ट्री सुरू केली होती, देशातली पहिली. डॉ. जस्सावाला तिचे प्रमुख. पारशी बायकांमध्ये स्तनाचा कॅन्सर इतरांहून जास्त, हे एकाच शहरातला फरक मोजून त्यांनी दाखवलं. पण खेडं? खेड्यातली बाई दवाखान्यात पोचतच नाही, तर नोंद कुणाची करणार? १९८७ मध्ये बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतल्या ३४६ गावांची रजिस्ट्री सुरू केली. देशातली पहिली ग्रामीण! आणि कार्यकर्ते टेबलाशी वाट बघत बसले नाहीत. गावोगाव गेले! लोकांना जमवून सांगितलं की बरी न होणारी जखम, गाठ, अंगावरून अवेळी जाणं, आवाज बसणं, हे दिसलं तर लपवू नका, आणि ज्यांना लक्षणं होती त्यांना बार्शीला तपासणीला आणलं. आणि मग काय झालं ठाऊक आहे? काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या! यंत्र नाही, नवं औषध नाही. मोजायला गेलेल्या माणसांच्या नुसत्या बोलण्याने!

आणि हा आकडा तर मी घरातल्या प्रत्येकाला ऐकवलाय. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २०२० मध्ये देशभरच्या रजिस्ट्र्यांचा अहवाल काढला. सेगींच्याच गावात बसवलेले दर! पुरुषांत सर्वांत जास्त मिझोरममधल्या ऐझॉल जिल्ह्यात, लाखाला २६९.४. सर्वांत कमी? उस्मानाबाद आणि बीड! ३९.५! बायकांतही सर्वांत कमी तिथेच, ४९.४, सर्वांत जास्त अरुणाचलमधल्या पापुमपारेत, २१९.८. एकाच देशात जवळजवळ सातपट फरक! ऑस्ट्रेलिया आणि भारत यांच्यातल्या फरकापेक्षाही मोठा! 'भारताचा आकडा' म्हणून जो आपण बघत होतो, त्याच्या पोटात एवढी दोन टोकं! ऐझॉलला तंबाखू फार, धुराची आणि पाण्यात मुरवलेलीही. आणि मराठवाड्याच्या त्या कमी आकड्यालाही आपण तेच दोन प्रश्न विचारायचे, कोरियाला विचारले तेच.

याच उस्मानाबादेत, आताच्या धाराशिवमध्ये, बार्शीचं हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि लियाँची आयएआरसी यांनी मिळून एक काम केलं. तीस ते एकोणसाठ वयाच्या एक लाख एकतीस हजारांहून जास्त खेड्यातल्या बायका! गावांचे गट पाडले, आणि एका गटाची एचपीव्ही या, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची तपासणी केली, आयुष्यात एकदाच. आठ वर्षं पाठपुरावा. २००९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल छापला: त्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर! एका तपासणीने! तुरीच्या रानातल्या बायकांमुळे जगभरच्या तज्ज्ञांना उत्तर मिळालं!

आणि संपलं नाही अजून! २००९ मध्येच भारतात नऊ ठिकाणी मुलींना एचपीव्हीची लस देऊन बघायचा अभ्यास सुरू झाला, दोन डोस पुरतात की तीन लागतात म्हणून. नऊ ठिकाणांत बार्शीही होती आणि ऐझॉलही! सर्वांत कमी आकड्याच्या शेजारची बार्शी आणि सर्वांत जास्त आकड्याचं ऐझॉल, दोघं एका अभ्यासात! मग २०१० मध्ये दुसऱ्याच एका लस-प्रकल्पावरून वाद उठला आणि सरकारने अशा सगळ्याच अभ्यासांतलं लसीकरण थांबवलं. सुमारे पाच हजार मुलींना एकच डोस मिळालेला होता. अर्धवट राहिलं म्हणून कुणी हात झटकले असते! पण यांनी त्या मुलींची साथ सोडली नाही, वर्षानुवर्षं तपासत राहिले, आणि २०२१ मध्ये निघालं की एका डोसवाल्या मुलीही जवळजवळ तेवढ्याच सुरक्षित! एक डोस पुरतो! डिसेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसला मान्यता दिली तेव्हा तिच्यासमोरच्या पुराव्यांत हा आपला थांबवला गेलेला अभ्यासही होता. तेवढ्याच बाटल्यांत दुप्पट मुली! आणि आपल्या पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटमध्ये आता एचपीव्हीची लस बनते. घरात नऊ ते चौदा वर्षांची मुलगी असेल तर उद्याच डॉक्टरांना विचारा. उद्याच!

आणि आता उठू नका, मी पित्ताशयाच्या पानावर आलेय! बघा ना, एक गडद ठिपका दक्षिण अमेरिकेत चिलीवर आणि दुसरा आपल्या गंगेच्या काठाने, दिल्लीपासून बिहारपर्यंत! मध्ये अख्खी पृथ्वी! दोन्हीकडे पित्ताचे खडे फार, एवढं कळलंय, आणि बायकांना जास्त. खडे का फार? चिलीत मापुचे नावाचे मूळ रहिवासी आहेत, तिथून धागा लागतोय असं दिसतंय, आणि गंगेकडे विषमज्वराचे जंतू पित्ताशयात घर करून राहतात म्हणे, आणि मग... थांबा, नकाशा मोठा करते, तुम्ही वही घ्या!